व्हीगन आहार आणि आरोग्य

व्हीगन आहार (पर्यायी नावे: निव्वळ वनस्पतिजन्य आहार, निर्दुग्ध शाकाहार) म्हणजे मांस, मासे व अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मध हे प्राण्यांपासून मिळणारे पदार्थही वर्ज्य करणारा आहार होय. धान्ये, कडधान्ये, डाळी, भाज्या, फळे, तेलबिया आणि सुकामेवा हे त्याचे मुख्य घटक आहेत. नीट नियोजन केलेल्या व्हीगन आहारावर प्रौढ व्यक्ती निरोगी राहू शकते. मात्र ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही आणि कॅल्शियम, लोह, जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व व ओमेगा-३ मेदाम्ले यांची तूट होण्याची शक्यता असते. या लेखात व्हीगन आहाराशी संबंधित आरोग्याच्या जोखमी आणि त्या टाळण्याचे आहारातील व जीवनशैलीतील उपाय दिले आहेत. उदाहरणांसाठी महाराष्ट्र, विशेषतः छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुका व मराठवाडा येथील आहारपद्धती विचारात घेतली आहे.

संज्ञा

'व्हीगन' हा इंग्रजी शब्द १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये 'व्हीगन सोसायटी' स्थापन केली तेव्हा प्रचारात आला. दूध व अंडीही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांना स्वतंत्र नाव हवे होते. १९९४पासून १ नोव्हेंबर हा दिवस जागतिक व्हीगन दिन म्हणून पाळला जातो.

भारतात 'शाकाहार' या शब्दात दूध गृहीत धरलेले असते. वारकरी संप्रदायातील माळकरी, महानुभाव पंथीय आणि जैन यांच्या आहारात मांसाहार निषिद्ध असला, तरी दूध, दही व तूप यांना सामान्यतः मज्जाव नाही. त्यामुळे परंपरागत शाकाहार आणि व्हीगन आहार एकच नव्हेत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील हिरवा ठिपका हा शाकाहारी पदार्थाची खूण आहे. अशा पदार्थात दूध, दुधाची भुकटी किंवा मध असू शकतो. व्हीगन पदार्थांसाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली स्वतंत्र हिरवे बोधचिन्ह जाहीर केले आणि २०२२ साली त्यासंबंधीचे विनियम अधिसूचित केले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दूध वर्ज्य करण्याचा प्रयोग भारतात 'व्हीगन' ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच झालेला आहे. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दुधाचा त्याग केला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे काम करीत असताना ते आमांशाने गंभीर आजारी पडले आणि त्यांची प्रकृती दीर्घकाळ सुधारेना. १९१९च्या सुरुवातीला मुंबईत शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही असे सांगितले. व्रत घेताना आपल्या मनात गाई-म्हशीचेच दूध होते, असा अर्थ लावून आणि कस्तुरबांच्या सूचनेवरून गांधींनी शेळीचे दूध स्वीकारले. दुधाला समर्थ ठरेल असा वनस्पतिजन्य पर्याय त्यांनी पुढेही शोधला. तो आपल्याला सापडला नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली.

याच शतकात मुंबईत झालेले एक संशोधन आहार व रक्तक्षय यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारे ठरले. ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ ल्युसी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणी कामगार वर्गातील गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क (मार्माइट) दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. अर्कातील हा घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. हिरव्या पालेभाज्या व डाळींतून ते भरपूर मिळते. रक्तक्षयाच्या दुसऱ्या एका प्रकारावर मात्र फोलिक आम्ल पुरेसे पडत नव्हते. त्यावर गुणकारी ठरणारे ब-१२ जीवनसत्त्व १९४८ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले.

महाराष्ट्रातील संशोधन

ब-१२च्या कमतरतेवरील महत्त्वाचे भारतीय संशोधन पुण्यात झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत ग्रामीण भागातील, शहरी झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुष होते. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२चे प्रमाण कमी होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के आढळले. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांमध्ये कमतरतेचा धोका ४.४ पट होता.

याच संस्थेने १९९३पासून पुण्याजवळील सहा गावांतील गरोदर माता व त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा शारीरिक विरोध अधिक आढळला, असा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. इन्सुलिनला असा विरोध होणे ही पुढील काळातील मधुमेहाची पूर्वसूचना मानली जाते.

या अभ्यासांतील शाकाहारी व्यक्ती दूध घेणाऱ्या होत्या, व्हीगन नव्हत्या. एक लिटर गाईच्या दुधात साधारण ४ मायक्रोग्रॅम ब-१२ असते. दिवसभरात चहापुरते १०० मिलिलिटर दूध पोटात गेले, तर त्यातून सुमारे ०.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या एक पंचमांशाहूनही कमी ब-१२ मिळते. त्यामुळे अनेक घरांतील शाकाहार ब-१२च्या दृष्टीने आधीच काठावर असतो. अशा व्यक्तीने दूध पूर्णपणे सोडले, तर तिच्या शरीरात फारसा साठा शिल्लक नसण्याचीच शक्यता अधिक असते.

ब-१२ जीवनसत्त्व

ब-१२ (कोबालमिन) हे जीवनसत्त्व केवळ सूक्ष्मजीव तयार करतात. प्राण्यांच्या आतड्यांतील किंवा त्यांच्या अन्नातील सूक्ष्मजीवांकडून ते प्राण्यांच्या शरीरात येते आणि तेथून मांस, अंडी व दुधात उतरते. तांबड्या रक्तपेशी तयार होणे, डीएनएची निर्मिती आणि चेतातंतूंवरील आवरणाचे रक्षण यांसाठी त्याची गरज असते. प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे २.२ मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

यकृतातील साठा चांगला असल्यास तो काही वर्षे पुरतो. म्हणूनच व्हीगन आहार सुरू केल्यावर पहिली दोन-तीन वर्षे काहीच त्रास जाणवत नाही आणि आहार सर्व दृष्टींनी मानवल्याचा समज होतो. कमतरतेची लक्षणे हळूहळू दिसू लागतात: थकवा, धाप लागणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, हातापायांना मुंग्या येणे, पायाखालची जमीन नीट न जाणवणे, तोल जाणे, विसराळूपणा, चिडचिड किंवा उदासी. मज्जारज्जूला झालेली इजा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यास ती पूर्णपणे भरून येत नाही.

व्हीगन आहारात पालेभाज्या व डाळी अधिक असल्याने फोलेट भरपूर मिळते. भरपूर फोलेटमुळे ब-१२ कमी असूनही रक्तक्षय झाकला जाऊ शकतो, परंतु चेतासंस्थेची हानी थांबत नाही. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमातून प्रौढ स्त्रियांना मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, ब-१२ नसते. या गोळ्या उपयुक्त आहेत आणि त्या बंद करण्याचे कारण नाही. व्हीगन व्यक्तीने मात्र त्यांच्या जोडीला ब-१२ स्वतंत्रपणे घेणे आवश्यक ठरते.

चुकीने स्रोत मानले जाणारे पदार्थ

इडली, डोसा, ज्वारीची आंबील यांसारखे आंबवलेले पदार्थ, मोड आलेली कडधान्ये, न धुतलेल्या भाज्या, विहिरीचे पाणी आणि स्पिरुलिना यांतून ब-१२ मिळते असे सांगितले जाते. आंबवण्याच्या क्रियेतील बहुतेक सूक्ष्मजीव ब-१२ तयार करीत नाहीत. स्पिरुलिनात आढळणारे द्रव्य रचनेने ब-१२शी मिळतेजुळते असले, तरी माणसाच्या शरीरात ते मुख्यतः निष्क्रिय ठरते. न धुतलेल्या भाज्या व अशुद्ध पाणी यांतून रोगजंतू येण्याचा धोका मोठा आहे. यांपैकी कोणताही पदार्थ ब-१२चा भरवशाचा स्रोत नाही.

शिधावाटपातून देण्यात येणाऱ्या पोषणयुक्त तांदळात लोह व फोलिक आम्लाबरोबर ब-१२ही मिसळलेले असते. त्याचे विहित प्रमाण दर किलोला ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम आहे. दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ खाल्ल्यास ०.१५ ते ०.२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या दहाव्या भागाच्या आसपास ब-१२ मिळते. ज्या घरात भाकरी हे मुख्य अन्न आहे तेथे ते याहूनही कमी पडते.

उपाय

औषधांतील ब-१२ सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने कारखान्यात तयार होते, त्यामुळे ते व्हीगन तत्त्वाशी विसंगत नाही. व्हीगन सोसायटीच्या शिफारशीनुसार दररोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. आठवड्याची मात्रा एवढी मोठी असण्याचे कारण शोषणाच्या क्रियेत आहे. जठरातून स्रवणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाच्या मदतीने आतडे एका वेळी फक्त दीड ते दोन मायक्रोग्रॅम ब-१२ शोषू शकते; उरलेल्या मात्रेचा केवळ एक टक्का भाग आपोआप रक्तात जातो. जिलेटिनची कॅप्सूल प्राणिजन्य असते, म्हणून व्हीगन व्यक्ती साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल निवडतात. मुंग्या, तोल जाणे अशी लक्षणे आधीच असल्यास गोळीवर न थांबता डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शने घ्यावी लागतात.

मराठवाड्यातील पारंपरिक आहार

वैजापूर हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांना लागून असलेला तालुका आहे. गोदावरीकाठचा व नांदूर मधमेश्वर कालव्याखालील भाग वगळता येथील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. बाजरी, मका, कापूस, तूर, मूग व मटकी ही येथील परिचित पिके आहेत. या भागातील रोजचे अनेक पदार्थ मुळातच व्हीगन आहेत: बाजरी व ज्वारीची भाकरी, पिठले, तुरीची आमटी, येसर आमटी, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, भरली वांगी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि शेंगदाणे, जवस, तीळ व कारळे यांच्या कोरड्या चटण्या. व्हीगन होण्यासाठी येथील घराला परदेशी किंवा महाग पदार्थांची गरज पडत नाही. ताटातून वजा होतात ते मुख्यतः ताक, दही, तूप आणि चहातील दूध.

या वजाबाकीचा परिणाम प्रत्येक पोषकद्रव्यावर सारखा होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रौढांसाठीच्या दैनिक शिफारशी आणि त्या भागविणारे स्थानिक पदार्थ पुढीलप्रमाणे आहेत.

| पोषकद्रव्य | दैनिक शिफारस | स्थानिक वनस्पतिजन्य स्रोत |
|---|---|---|
| प्रथिने | पुरुष ५४ ग्रॅम, स्त्री ४६ ग्रॅम | डाळी, मटकी, हुलगा, सोयाबीन, शेंगदाणे |
| कॅल्शियम | १००० मिलिग्रॅम | नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा |
| लोह | पुरुष १९, स्त्री २९ मिलिग्रॅम | बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या, अळीव |
| जस्त | पुरुष १७, स्त्री सुमारे १३ मिलिग्रॅम | तीळ, शेंगदाणे, कडधान्ये, ज्वारी-बाजरी |
| ड जीवनसत्त्व | ६०० एकके | सूर्यप्रकाश, पूरक गोळी |
| ब-१२ जीवनसत्त्व | २.२ मायक्रोग्रॅम | स्थानिक अन्नातून नाही. पूरक गोळी |

प्रथिने

दूध सोडल्यावर पहिली काळजी प्रथिनांची केली जाते, पण ही तूट भरून काढणे तुलनेने सोपे आहे. दिवसभरात अडीचशे ग्रॅम ज्वारी-बाजरीच्या पिठातून सुमारे २५ ग्रॅम, ऐंशी ग्रॅम डाळ व उसळीतून सुमारे १८ ग्रॅम आणि मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांतून सात ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज ५० ग्रॅमच्या आसपास जाते. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते, म्हणून भाकरी व आमटी एकमेकींची उणीव भरून काढतात. वनस्पतिजन्य प्रथिने पचनास थोडी कमी सुलभ असल्याने शिफारशीपेक्षा काहीशी जास्त प्रथिने घेणे हितावह असते. अडचण येते ती डाळीचे प्रमाण कमी होते तेव्हा. पातळ वरणाचे पाणी आणि पाच-सहा पोळ्या एवढ्याच जेवणात पोट भरते, पण प्रथिने अपुरी पडतात.

कॅल्शियम

दुधाच्या एका मोठ्या वाटीत (२०० मिलिलिटर) सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम व १०० ग्रॅम तिळात १००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिळातील कॅल्शियमचा बराच भाग सालीतील ऑक्झॅलेटमध्ये अडकलेला असतो, म्हणून तीळ भाजून व कुटून खाणे चांगले. पालक व राजगिऱ्याच्या पानांतही ऑक्झॅलेट जास्त असते. शेवग्याचा पाला, मेथी व कोबी यांतील कॅल्शियम तुलनेने चांगले शोषले जाते. नाचणी हे मराठवाड्याचे मुख्य पीक नसले तरी बाजारात सहज मिळते. आठवड्यातून काही दिवस नाचणीची भाकरी किंवा आंबील आणि रोज दोन चमचे तिळाची चटणी, ही सवय दूध नसलेल्या ताटात महत्त्वाची ठरते.

लोह व जस्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्यामुळे लोहाचा प्रश्न केवळ व्हीगन आहारापुरता नाही. दुधात लोह अत्यल्प असते. दूध सोडल्याने लोह कमी होत नाही. वनस्पतींतील लोह मात्र शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो किंवा कच्ची कोथिंबीर असल्यास क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा, मग तो दुधाचा असो वा कोरा, ते घटवतो. चहा व जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. धान्य व कडधान्यांतील फायटेट लोह व जस्त यांना बांधून ठेवते. भिजवणे, मोड आणणे व आंबवणे या क्रियांनी ते कमी होते. मटकीला मोड आणण्याची आणि पीठ आंबवून आंबील करण्याची पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे. लोखंडी तवा व कढईच्या वापरानेही अन्नातील लोहात भर पडते.

पिकांच्या जातींतही या दिशेने काम झाले आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्राने 'एएचबी १२०० एफई' हा लोहाचे प्रमाण अधिक असलेला संकरित बाजरी वाण विकसित केला. 'परभणी शक्ती' हा लोह व जस्ताने समृद्ध ज्वारीचा वाण २०१८ साली प्रसारित झाला.

आयोडीन

आयोडीनयुक्त मीठ हा बहुतेक भारतीयांचा आयोडीनचा मुख्य स्रोत आहे. दुधातूनही काही प्रमाणात आयोडीन मिळते, त्यामुळे दूध सोडल्यावर मिठाचे महत्त्व वाढते. उपवासाचे किंवा 'नैसर्गिक' म्हणून वापरले जाणारे सैंधव व खडे मीठ सहसा आयोडीनयुक्त नसते. घरात फक्त तेच वापरल्यास थायरॉइड ग्रंथीचे विकार संभवतात.

ड जीवनसत्त्व

उन्हाच्या प्रदेशात राहूनही भारतीयांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. शेतात काम करणाऱ्यांना ऊन मिळते. दुकान, कार्यालय व घर यांतच दिवस जाणाऱ्यांना मिळत नाही. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत हात-पाय व चेहऱ्यावर काही वेळ थेट ऊन पडणे उपयोगी असते. सावळ्या त्वचेला तुलनेने अधिक वेळ लागतो. बाजारातील ड-३ सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्यापासून बनवतात. दगडफुलापासून मिळवलेले ड-३ आणि ड-२ हे व्हीगन पर्याय आहेत.

ओमेगा-३ मेदाम्ले

जवस हा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा उत्तम स्रोत आहे. एक मोठा चमचा जवसाच्या कुटात सुमारे दीड ते दोन ग्रॅम हे आम्ल असते व त्यातून दिवसाची गरज भागते. अख्खे जवस न पचता बाहेर पडतात, म्हणून ते भाजून कुटावे लागतात. जवसाच्या चटणीत हे आपोआप साधते. करडई व सूर्यफुलाच्या तेलांत ओमेगा-६ मेदाम्ले अधिक असतात आणि त्यांचा अतिवापर ओमेगा-३च्या रूपांतरणाला अडथळा ठरतो. मेंदू व डोळ्यांसाठी आवश्यक असलेले डीएचए शरीर जवसापासून अल्प प्रमाणातच तयार करते. गरोदर व स्तनदा मातांसाठी शैवालापासून तयार केलेले डीएचए उपलब्ध आहे.

दीर्घकालीन आजार व जीवनशैली

घरात मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकाराचा वारसा असल्यामुळे अनेक जण व्हीगन आहाराकडे वळतात. तंतुमय पदार्थ अधिक व संपृक्त मेद कमी असल्याने या आहारात रक्तातील कोलेस्टेरॉल व शरीराचे वजन घटण्यास मदत होते. ब्रिटनमधील 'एपिक-ऑक्सफर्ड' या दीर्घकालीन पाहणीत (२०१९) मांसाहाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी व व्हीगन व्यक्तींमध्ये हृदयधमनी विकार २२ टक्क्यांनी कमी आढळला. मेंदूतील रक्तस्रावामुळे होणाऱ्या पक्षाघातासह एकूण पक्षाघात मात्र २० टक्क्यांनी अधिक होता. याच पाहणीच्या २०२०च्या निष्कर्षांत व्हीगन व्यक्तींमध्ये अस्थिभंगाचे प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त होते. कमी वजन तसेच कॅल्शियम व प्रथिनांचे अपुरे सेवन ही त्यामागील अंशतः कारणे होती. म्हणजे हाच आहार एका आजारापासून संरक्षण देताना दुसऱ्या जोखमीला वाट करून देऊ शकतो.

केवळ प्राणिजन्य पदार्थ वगळल्याने आहार आरोग्यदायी होत नाही. वडापाव, भजी, फरसाण, साखरेची शीतपेये आणि मैद्याचे पदार्थ व्हीगन असू शकतात. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट असल्याने रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो. त्याऐवजी राजगिरा किंवा शेंगदाणे घालून केलेली भगर अधिक पोषक ठरते. लोणचे, पापड व ठेचा यांतून मीठ जास्त जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला मिठाचे प्रमाण पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमचाभरापर्यंत असावे.

आहाराइतकेच महत्त्व जीवनशैलीला आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीच्या व्यायामाची आणि दोन दिवस स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची शिफारस करते. हाडांवर भार पडेल असे चालणे, पायऱ्या चढणे, वजन उचलणे व दंड-बैठका हे व्हीगन व्यक्तीसाठी विशेष उपयुक्त ठरतात, कारण ते हाडांची घनता टिकवण्यास मदत करतात. तंबाखू, मिश्री व मद्य वर्ज्य करणे आणि पुरेशी झोप घेणे हे सर्वांसाठी सारखेच लागू आहे. व्हीगन झाल्यामुळे मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. वजन व साखर घटल्यास मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा लागतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि दीर्घकाळ घेतलेली आम्लपित्ताची काही औषधे ब-१२चे शोषण घटवतात, म्हणून अशा व्हीगन रुग्णांत जोखीम दुहेरी असते.

विशेष काळजीचे गट

गरोदर व स्तनदा माता: गर्भाला व तान्ह्या बाळाला ब-१२ मातेकडूनच मिळते. मातेला लक्षणे नसतानाही तिच्या दुधात ते अपुरे असू शकते.

तान्ही बाळे: केवळ स्तनपानावर असलेल्या आणि ब-१२ची कमतरता असलेल्या मातांच्या बाळांत सहा महिन्यांनंतर बाळ निस्तेज होणे, शिकलेल्या हालचाली विसरणे, केस विरळ व तपकिरी होणे आणि अंग थरथरणे ही लक्षणे दिसतात. भारतातील बालरोगशास्त्रात हा विकार दीर्घकाळ परिचित आहे. वेळेत उपचार झाल्यास बाळ सुधारते, परंतु उशीर झाल्यास बौद्धिक विकासावर कायमचा परिणाम संभवतो. आईचे दूध व्हीगन तत्त्वात वर्ज्य नाही. एक वर्षाखालील बाळाला त्याऐवजी घरी केलेले सोया, शेंगदाणा किंवा नारळाचे दूध देणे धोक्याचे आहे.

वाढती मुले व किशोरी: तंतुमय पदार्थांनी पोट लवकर भरते व उष्मांक कमी पडतात. शेंगदाणे, तीळ, गूळ व तेल यांचा पुरेसा वापर आणि वजन-उंचीची नियमित नोंद आवश्यक असते.

वृद्ध: वयानुसार जठराम्ल घटते, भूक कमी होते व दात पडतात. चावायला कठीण असलेली उसळ टाळली जाते आणि प्रथिने घटतात. मऊ शिजवलेली डाळ, पिठले, सोयाबीनचे पीठ मिसळलेली भाकरी आणि शेंगदाण्याचा कूट हे पर्याय आहेत.

तपासण्या

व्हीगन आहार सुरू करताना व त्यानंतर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, ब-१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन आणि थायरॉइड यांची तपासणी करणे उपयुक्त असते. रक्तातील ब-१२ साधारणपणे दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असल्यास कमतरता मानतात. काठावरील मूल्ये आढळल्यास होमोसिस्टीनची तपासणी उपयोगी पडते. ब-१२च्या अभावी रक्तपेशींचा आकार वाढतो, तर लोहाच्या अभावी तो घटतो. दोन्ही कमतरता एकत्र असल्यास आकार सामान्य दिसतो आणि निदान हुकू शकते.

हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. वैजापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांना छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात (घाटी) पाठवले जाते.

सामाजिक बाजू

ग्रामीण महाराष्ट्रात दूध हे अन्नाबरोबरच उत्पन्नाचेही साधन आहे. कोरडवाहू भागात दोन-चार जनावरांचे दूध हा शेतीला पूरक व्यवसाय असतो. पंचामृत, नैवेद्य, पुरणपोळीवरचे तूप आणि पाहुण्याला दिलेला दुधाचा चहा यांना आतिथ्याचे व धार्मिक महत्त्व आहे. त्यामुळे दूध नाकारणाऱ्या व्यक्तीकडे, विशेषतः ती सून किंवा गरोदर स्त्री असल्यास, कुटुंबात संशयाने पाहिले जाते. अशा वेळी जेवण टाळले जाण्याची किंवा आहार लपवून पाळला जाण्याची शक्यता असते आणि त्यातून पोषणाची तूट वाढते. शेंगदाण्याचे दही, नारळाचे दूध व सोयाबीनचे दूध हे घरी करता येणारे पर्याय आहेत. ते चव व पोत देतात. दुधाइतके कॅल्शियम व ब-१२ मात्र देत नाहीत.

मतमतांतरे

अमेरिकेतील पोषण व आहारशास्त्र अकादमीने २०१६ साली सुनियोजित व्हीगन आहार सर्व वयोगटांसाठी योग्य असल्याचे मत दिले होते. २०२५च्या भूमिकेत तिने केवळ प्रौढांचा विचार केला आहे. जर्मन पोषण संस्थेने २०१६ साली गरोदर स्त्रिया, स्तनदा माता व मुले यांच्यासाठी हा आहार सुचवणे टाळले. प्राण्यांविषयीची करुणा व पर्यावरण यांसाठी हा आहार स्वीकारणारे त्याच्या नैतिक बाजूवर भर देतात. टीकाकारांच्या मते, ज्या समाजात कुपोषण आधीच व्यापक आहे तेथे आहारातील आणखी एक पदार्थगट वगळणे जोखमीचे आहे. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही व ते पूरक स्वरूपात घ्यावे लागते, याबाबत मात्र या आहाराचे जाणकार समर्थक व टीकाकार यांच्यात एकमत आहे.

हे सुद्धा पहा

शाकाहार
ब-१२ जीवनसत्त्व
रक्तक्षय
बाजरी
जवस
वैजापूर तालुका